हादगा, भागाकार आणि दोनशे दिवस

कर्नाटकातल्या निपाणी-बेळगाव भागातल्या मराठी कन्या शाळांचा विषय निघाला की बोलणं हटकून शाळेबाहेर जातं. 1956ची राज्यपुनर्रचना निघते, सीमावादावरचा महाजन आयोग निघतो, महाराष्ट्राचा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा निघतो. हे सगळं या भागाच्या जिव्हाळ्याचं आहे, त्यात शंका नाही. पण तिसरीतली एखादी मुलगी जूनपासून मार्चपर्यंत शाळेत नेमकं काय शिकते, तिच्या वर्षातले किती तास पुस्तकाला मिळतात आणि किती नाचगाण्याला, हे फारसं कुणी विचारत नाही. मला वाटतं, या शाळा टिकायच्या की नाही हे शेवटी याच हिशेबावर ठरणार आहे.

या हिशेबाबद्दल दोन ठाम मतं इथं सतत कानावर पडतात. एक मत जुन्या बाईंचं, ज्यांनी उभी हयात सरकारी कन्या शाळेत काढली. दुसरं, त्याच शाळांतून पुढं आलेल्या मुलींना हायस्कुलात शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकांचं. ही मतं मी इथं दोघींच्या तोंडी घातली आहेत : निपाणीत राहणारी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आत्ती, आणि बेळगावात हायस्कूलला गणित शिकवणारी तिची भाची. अशा दोघी एका घरात असतीलच असं नाही, पण त्यांचं म्हणणं मात्र जसं ऐकलं तसं आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त धोंडिबाला प्रश्न विचारायला समोर बसवलं होतं. वाद असा समोरासमोर मांडायची वाट मराठीत जुनीच आहे.

भाची : आत्ती, स्पष्टच बोलू का? तुमच्या शाळांतून आमच्याकडं आठवीला मुली येतात, त्या चुणचुणीत असतात. माईक दिला तर घाबरत नाहीत, लेझीम सुरेख खेळतात. पण 84 भागिले 7 फळ्यावर मांडलं की माना खाली जातात.

आत्ती : सगळ्यांच्याच?

भाची : निम्म्या तरी. आणि हे माझ्या एकटीच्या वर्गाचं नाही. 'असर' सर्वेक्षणाची माणसं गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात, गणित घालतात. 2022 मध्ये देशभरच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी 43 जणांनाच दुसरीचा धडा वाचता आला. तीन आकडी संख्येला एका आकड्यानं भागणं जमलं ते शंभरात 26 जणांना.

आत्ती : त्याआधी दोन वर्षं शाळा बंद होत्या, ते विसरू नकोस. मोबाईल कुठला आमच्या पोरींकडं?

भाची : नाही विसरत. पण 2018 ला तरी कुठं चांगलं चित्र होतं? वाचणारे शंभरात पन्नास. 2024 ला पुन्हा 49 वर आलो, भागाकाराला 31. म्हणजे कोरोना नव्हता तेव्हाही निम्मी मुलं वाचत नव्हती. आणि तू मला हादग्याची गाणी ऐकवतेस.

आत्ती : तू हादगा आणि भागाकार एकमेकांसमोर उभे केलेस, तिथंच माझं तुझं पटत नाही. बोल, पुढं बोल.

भाची : शिक्षण हक्क कायदा 2009चा. पहिली ते पाचवीला वर्षाला निदान 200 दिवस शाळा आणि 800 तास शिकवणं. म्हणजे दिवसाला चार तास. आता वर्ष बघ. मे संपता संपता प्रारंभोत्सव. जून-जुलैत पाऊस, पुस्तकं येईपर्यंत निम्मा जून गेलेला. ऑगस्टात पंधरा ऑगस्टची कवायत. मग शिक्षक दिन, गणपती-गौरी, गांधी जयंती, हादगा. मग दसऱ्याची सुट्टी. ती संपते तोवर कित्तूर उत्सव, त्यामागोमाग राज्योत्सव, बालदिन. मधे क्रीडा स्पर्धा, प्रतिभा कारंजी ही सरकारी कलास्पर्धा, ती आधी क्लस्टरला, मग तालुक्याला. डिसेंबरात सहल. जानेवारीत सावित्रीबाईंची जयंती, सव्वीस जानेवारी आणि गॅदरिंग. या प्रत्येकाआधी सराव. गॅदरिंगच्या आधी तर पंधरा-पंधरा दिवस फळा कोरा असतो. एका दिवसातला एक तास सरावाला गेला आणि असे पन्नास दिवस झाले, तर 800 मधले पन्नास तास गेले. पन्नास तासांत मी अख्ख्या वर्गाला भागाकार शिकवते.

आत्ती : आणि मतदार याद्यांना किती गेले? ऑनलाइन माहिती भरायला किती? वर्गात दोन इयत्ता एकत्र बसवून एक बाई शिकवते तेव्हा किती जातात? जागा रिकाम्या आहेत, अतिथी शिक्षकांवर वर्ष निघतं. तुझ्या हिशेबात हे तास कुठंच नाहीत. मुली फुगडी घालताना दिसतात, म्हणून दोष फुगडीवर. बाई कॉम्प्युटरसमोर बसलेली कुणाला दिसत नाही.

इथं आत्तीचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. प्राथमिक शिक्षिकेचा वेळ सर्वांत जास्त कशानं खाल्ला असेल तर कागदानं. पण भाचीचा मुद्दा त्यानं खोडला जात नाही. कागदानं आधीच तास खाल्ले असतील, तर उरलेल्या तासांचं काय करायचं हा प्रश्न उलट जास्तच टोकदार होतो.

आत्ती : आता माझं ऐक. माझ्या शाळेत पहिलीला पोरी कुठून यायच्या? वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शेजारी उर्दू. आई पहाटे उठून पानं भिजवणार, पोरगी धाकट्या भावाला काखेत घेऊन बसणार. अशी पोरगी शाळेत आली की महिना महिना तोंड उघडत नाही. नाव विचारलं तर पदर नसलेल्या फ्रॉकचं टोक तोंडात धरते. तिला तू भागाकार कसा शिकवणार? आधी तिचा आवाज यायला पाहिजे. तो आवाज मला पुस्तकानं कधीच काढून दिला नाही. गाण्यानं दिला, खेळानं दिला.

भाची : पटतं. पण आवाज आल्यानंतर काय?

आत्ती : सांगते. हादगाच घे. हस्त नक्षत्र लागलं, हत्तीचा पाऊस सुरू झाला, की फळ्यावर हत्ती काढायचा, नाहीतर पाटावर हत्तीचं चित्र ठेवायचं. पोरींनी हाताला हात धरून फेर धरायचा. ही गाणी लांबत जाणारी असतात. एक ओळ झाली की त्यात पुढची भर, मग मागचं सगळं पुन्हा. पहिलीतली पोरगी, जिला तीन शब्दांचं वाक्य नीट येत नाही, ती दहा ओळी क्रमानं म्हणते, एकही न गाळता. हे भाषेचं शिक्षण नव्हे तर काय?

भाची : पाठांतर आहे.

आत्ती : मग खिरापत घे. झाकलेला डबा. ओळखा! गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? ओलं की कोरडं? पोरी एकेक प्रश्न विचारून नको ते बाजूला काढत जातात. तुमच्या गणितात याला काय म्हणतात ते तूच सांग. आणि ओळखल्यावर वाटणी. दोन किलोचा चिवडा, चाळीस पोरी. मी चौथीच्या पोरींना वजनकाटा देऊन सांगायची, कुणाला चिमूटभर जास्त जाता कामा नये. त्या आधी मुठीनं वाटायच्या, मग भांडायच्या, मग मोजायच्या. दोन हजार ग्रॅम भागिले चाळीस, पन्नास ग्रॅम. तो भागाकार ज्या पोरीनं चिवड्यात केला ती तो विसरत नाही.

भाची : तू असं करायचीस, आत्ती. किती शाळांत होतं हे? मी सांगते काय होतं. पाचवीतल्या, सहावीतल्या आठ पोरी निवडतात. गोऱ्यागोमट्या, नीट नाचणाऱ्या, ज्यांच्या घरचे भाड्याचे ड्रेस परवडणारे. त्याच आठ पोरी हादग्यात, त्याच राज्योत्सवात, त्याच प्रतिभा कारंजीत, त्याच गॅदरिंगला. बाकीच्या चाळीस सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. तुझी ती फ्रॉकचं टोक चावणारी पोरगी स्टेजवर असते का कधी? ती खालीच असते. वर्षभर खालीच.

आत्ती काही वेळ बोलत नाही. नंतर म्हणते, खरं आहे, हे मी माझ्या शाळेतही बघितलंय.

मला या सगळ्या वादात हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. उपक्रम विरुद्ध अभ्यास ही झुंज वरवरची आहे. खरी विभागणी निवडलेल्या मुली आणि न निवडलेल्या मुली यांच्यात पडते. अभ्यासातही तसंच होतं. पहिल्या बाकावरच्या सहा जणी उत्तरं देतात, बाई पुढं सरकतात. मागच्या बाकावरची मुलगी ना स्टेजवर दिसते, ना फळ्यापाशी. ज्या शाळेत ती फळ्यापर्यंत पोचत नाही, ती शाळा हादगा घालूनही वाया आणि हादगा बंद करूनही वाया.

भाची : आणि गाण्यांतलं काय, आत्ती? सासू, जाच, माहेरचा मुराळी. सात वर्षांच्या मुलींच्या तोंडात आपण हे घालायचं?

आत्ती : तवंदी घाट बघितलायस ना, आपल्या निपाणीच्या पलीकडं? इंदिरा संतांचं बालपण त्या तवंदीतलं. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या शिकवायच्या, पुढं प्राचार्य झाल्या. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळालं ते 1984 ला. एवढ्या मोठ्या कवयित्रीनं बायकांच्या ओव्या 'मालनगाथे'त मांडल्या, त्या काय म्हणून? लिहिता न येणाऱ्या बायकांनी आपलं दुःख याच शब्दांत ठेवलं होतं म्हणून. ते पोरींनी ऐकावं. आपल्या आजीला बोलायला हीच एक जागा होती हे त्यांना कळावं. पण तू म्हणतेस तेही बरोबर. नुसतं जुनं म्हणत राहू नये. मी चौथीच्या पोरींना सांगायची, चाल तीच, शब्द तुमचे. त्यांनी एस. टी.वर गाणं केलं, नळाच्या रांगेवर केलं, एकीनं वखारीतल्या खोकल्यावर केलं. वहीत लिहून घेतलं त्यांच्याकडून. शुद्धलेखनाच्या चुका तिथंच दुरुस्त.

भाची : हे मात्र मी कुठं बघितलं नाही. हे कुणी करत असेल तर मी त्या तासाला हात लावणार नाही.

आत्ती : आपल्याकडची गावोगावची संमेलनं घे. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, इकडं कारदगा. ग्रंथदिंडीत पुढं लेझीम घेऊन आपल्याच शाळेच्या पोरी असतात. तालुक्याच्या गावीसुद्धा जिथं पुस्तकाचं दुकान धड नाही, तिथं गाव वर्गणी काढून लेखक बोलावतं. पोरीला दिसतं की तिच्या भाषेसाठी गाव जमतं.

भाची : दिंडीत पुढं नाचली. मंडपात बसून पुस्तक कोणतं विकत घेतलं? घरी येऊन काय वाचलं? आत्ती, आपल्या भागात भाषेवरचं प्रेम उत्सवात फार दिसतं. वाचनात दिसलं पाहिजे. मराठीसाठी मोर्चाला जाणाऱ्या घरातली पोरगी मराठी धडा अडखळत वाचते, याची मला लाज वाटते.

आत्ती : लाज मलाही वाटते.

कन्नडचा विषय निघाल्यावर दोघी जास्त जपून बोलतात. या भागात तसं बोलावंच लागतं. 1 नोव्हेंबरला शाळेत कर्नाटक राज्योत्सव असतो, आणि त्याच दिवशी गावात हा भाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळला जातो. सकाळी ध्वजाला सलामी देऊन आलेली मुलगी दुपारी काळी फीत लावलेल्या आजोबांच्या शेजारी जेवायला बसते. मोठ्यांचा वाद मोठ्यांनी न्यायालयात आणि सभेत लढावा. आठ वर्षांच्या मुलीला कोणत्याही बाजूनं त्यात ओढू नये.

आत्ती : माझ्या शाळेत कन्नड कविता म्हणणारी पोरगी तालुक्याला पहिली आली होती. घरची मराठी. मी तिच्या आईला सांगितलं, हिनं कन्नड चांगलं म्हटलं म्हणून हिची मराठी कमी होत नाही.

भाची : कविता म्हटली, पण बोलता येतं का? 2015च्या कायद्यानं राज्यात सगळ्या शाळांना कन्नड शिकवणं सक्तीचं झालं. सक्ती झाली, पण शिकवणं तेच, प्रश्नोत्तरं पाठ करा. आमच्याकडं येणाऱ्या मुलीला सरकारी दवाखान्यात गेल्यावर आईचं दुखणं कन्नडमध्ये सांगता येत नाही. रेशनचा अर्ज वाचता येत नाही. कन्नड शेजाऱ्याची भाषा म्हणून शिकवायला हवी, बाजारात, बसमध्ये उपयोगी पडणारी. भीती म्हणून शिकवली की ती येतच नाही.

आत्ती : आणि मराठीत शिकायचा हक्क?

भाची : तो आहेच. घटनेचं 350-अ कलम 1956 साली आलं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. तिकडं जत, अक्कलकोटला कन्नड मुलांच्या शाळा आहेत, त्यांची पुस्तकं महाराष्ट्र छापतो. आपल्या मराठी शाळांची पुस्तकं कर्नाटक छापतं. दोन्हीकडच्या मुलांचं दुखणं एकच आहे. पण हक्क कागदावर राहतो, आत्ती, शाळेत शिकणं झालं नाही तर. पालक हक्काकडं बघत नाहीत. पोरीला काय येतं ते बघतात, आणि नसेल येत तर तिला उचलून इंग्रजी शाळेत घालतात. 2014 ला सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की माध्यम निवडायचा हक्क पालकांचा.

आत्ती : तिथं तरी शिकतात का?

भाची : काही शिकतात, बऱ्याच जणी पाठ करतात. तो वेगळा वाद. पण त्या गेल्या, हे खरं. पट कमी झाला की शाळा बंद होते, किंवा दुसरीत विलीन होते.

आत्ती : मुलींची वेगळी शाळा आता कशाला, असंही म्हणतात. मला एवढंच ठाऊक आहे की काही घरांतल्या पोरी केवळ कन्या शाळा आहे म्हणून, बाई शिकवतात म्हणून आल्या. त्या सातवीपर्यंत पोचल्या. नाहीतर त्या दुसरीनंतर घरी बसल्या असत्या.

भाची : त्याला माझा विरोध नाही. सातवीपर्यंत पोचल्या, पण काय घेऊन पोचल्या, एवढाच माझा प्रश्न आहे.

शाळेत जेवण मिळतं, दूध मिळतं. अक्षर दासोहाचा भात-सांबार आणि 1 ऑगस्ट 2013 पासूनची क्षीरभाग्याची दुधाची वाटी, अलीकडं अंडं. हे मिळायला लागल्यापासून हजेरी सुधारली हे दोघींनाही मान्य आहे. आठवीत सायकल मिळायची, बायका-मुलींना 2023 पासून बस फुकट आहे. पुढं कॉलेजला जायचं म्हटलं तर निपाणीची मुलगी चालत महाराष्ट्रात जाते : गावाला लागूनच अर्जुननगर आहे, तिथलं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात आणि शिवाजी विद्यापीठाखाली. इतक्या सोयी आल्या, तरी एक काळ असा येतो की वर्ग निम्मा रिकामा होतो. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात तंबाखूची काढणी असते, वखारींत काम वाढतं, आणि मोठ्या बहिणीला धाकट्यांसाठी घरी राहावं लागतं. नेमकं तेव्हाच गॅदरिंग असतं, आणि त्यानंतर लगेच वार्षिक परीक्षा.

भाची : म्हणूनच सांगते, जानेवारीतलं गॅदरिंग बंद करा. ज्या मुली काढणीमुळं मागं पडतात त्यांना तो महिना हवा असतो. आणि आत्ती, तुला तर माहिती आहे निपाणीच्या बायका कशा लढल्या. वखारींतल्या बायकांनी संघटना केली, मालकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यावर 1982 मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपटही निघाला. त्या कशासाठी लढल्या? मजुरीसाठी. हिशेबासाठी. विडीचा दर हजारावर ठरतो. आईनं दिवसात 800 वळल्या, ठेकेदारानं 50 खराब म्हणून बाजूला काढल्या, तर 750चे पैसे किती, हे सांगणारी पोरगी घरात असली की ठेकेदार सांभाळून बोलतो. आईच्या लढ्याचा पुढचा भाग म्हणजे भागाकार आहे, आत्ती. त्याला मी रुक्ष अभ्यास म्हणू देणार नाही.

आत्ती : हे तू आधी का बोलली नाहीस?

भाची : तू हादग्यावर होतीस.

आत्ती : मग माझंही एक ऐक. ठेकेदारासमोर 750चं उत्तर तोंडी सांगायला पोरगी उभी राहिली पाहिजे. उत्तर येऊन गप्प बसणाऱ्या कितीतरी पोरी मी बघितल्यात. वहीत बरोबर, तोंडानं काही नाही. तू गणित शिकव, पण बोलायला कोण शिकवणार?

भाची : ते तू शिकव. फक्त चाळीसच्या चाळीस जणींना शिकव.

एवढं बोलून झाल्यावर दोघींत उरलेला वाद फार नाही, आणि उरलेल्यात मी भाचीच्या बाजूचा आहे. रेकॉर्ड डान्सला, भाड्याच्या ड्रेसला, पाहुण्यांसाठी दोन आठवडे चालणाऱ्या सरावाला कन्या शाळेत जागा नसावी. त्यातून मुलगी काही शिकत नाही, तिला फक्त दाखवलं जातं. दिवसाचे पहिले दोन तास वाचनाला आणि गणिताला राखावेत, आणि त्यांना मंत्री आले तरी हात लागू नये. राज्योत्सव एका सकाळीत होतो, त्याला आठवडाभर तयारी लागत नाही. खेळ रोज असावा, सगळ्यांना असावा, स्पर्धेपुरता चार जणींना नको.

पण हादगा ठेवा, आणि तो सगळ्यांचा ठेवा. फेरात सगळ्या मुली, वाटणी सगळ्यांच्या हातून, नवी गाणी सगळ्यांच्या वहीत. सावित्रीबाईंच्या जयंतीला मोठ्या माणसांची भाषणं बंद करून चौथीतल्या प्रत्येक मुलीला स्वतः लिहिलेल्या पाच ओळी वाचू द्याव्यात. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती लहान मुलगीच होती, आणि तिनं आपल्या समाजाचं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं. तिला कुणी भाषण पाठ करून दिलेलं नव्हतं. शाळेतल्या उपक्रमाचं माप हेच असावं : मुलगी स्वतःचं काही बोलली का, स्वतःचं काही लिहिलं का.

हे बदलणं एकट्या बाईंच्या हातात नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. आपल्याकडं तिला एसडीएमसी म्हणतात. या समितीच्या बैठकीत आया येतात, कोपऱ्यात बसतात, सही करतात, चहा घेऊन जातात. रंगरंगोटी, कंपाउंड, गॅदरिंगचा खर्च यावर पुरुष बोलतात.

तेव्हा सीमाभागातल्या मराठी शाळेत मुलगी असलेल्या प्रत्येक आईला माझं सांगणं आहे. गॅदरिंगला नाही गेलात तरी चालेल, पण एखाद्या साध्या मंगळवारी, कोणताही कार्यक्रम नसताना, शाळेत जा. तुमच्या मुलीला बाईंसमोर मराठीचा एक धडा, कन्नडची चार वाक्यं वाचायला सांगा, एक भागाकार फळ्यावर करायला सांगा. जमलं नाही तर मुलीला रागावू नका. पुढच्या एसडीएमसीच्या बैठकीत उभ्या राहा आणि विचारा : या वर्षी दोनशे दिवसांतले किती दिवस माझ्या मुलीला शिकवलं गेलं? आणि त्याचं उत्तर लेखी मागा.